चार रेघांची पेशी

मुलांनो, पुढे वाचायच्या आधी एक करा. डोळे मिटा. पाय जमिनीवर टेकवा आणि न बघता, न हलवता सांगा, तुमच्या उजव्या पायाचा अंगठा आत्ता वर उचललेला आहे की खाली टेकलेला? हसू नका. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ते तुम्हाला सांगितलं कोणी, एवढाच माझा प्रश्न आहे. नाही सुचलं तर राहू द्या.

आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं. आणि उघड्या डोळ्यांनी एका खोलीची कल्पना करा. लांबट खोली, वर पत्रे. एका कपाटात औषधात बुडवलेला बेडूक, पांढराफटक पडलेला. खिडकीपाशी टेबल, टेबलावर शाळेचा एकुलता एक मायक्रोस्कोप. साल एकोणीसशे पंच्याऐंशी, जुलै महिना. औशापासून एसटीने तासाभरावर असलेल्या गावातली ही शाळा आणि मी तिथला विज्ञानाचा मास्तर. मायक्रोस्कोपला डोळा लावून तेरा वर्षांची एक मुलगी उभी आहे. डोकं वर न काढता ती म्हणते,

"सर, तुम्ही सांगितलेलं चुकलंय."

ही शिवकांता धाराशिवे, आठवीतली. पिठाची गिरणी चालवणाऱ्या मन्मथअप्पांची एकुलती एक लेक. वर्गातली बाकीची मुलं कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पुस्तकात बघून काढायची, विटांच्या भिंतीसारख्या ओळीने. हिच्या चित्रात मध्येच काळ्या कडेचा एक गोल होता. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, हवेचा बुडबुडा आहे सर, दिसला म्हणून काढला. तिच्या वहीत प्रत्येक मोजमापापुढे एक तर बरोबरची खूण असायची, नाही तर फुली. फुली तिने कधी खोडली नाही.

"काय चुकलंय?" मी विचारलं.

"आईची पेशी मोठीय."

मी काय सांगितलं होतं ते आधी सांगतो. आदल्या आठवड्यात आम्ही बटाट्याचे चौकोनी तुकडे केले होते, काही बोराएवढे, काही लिंबाएवढे. विहिरीत टाकायचं जांभळं औषध पाण्यात कालवून त्यात ते बुडवून ठेवले. अर्ध्या तासाने मधोमध कापले तर बारका तुकडा आतपर्यंत जांभळा झालेला आणि मोठ्याच्या पोटात पांढरं तसंच. पेशीचंही असंच आहे, मी म्हणालो. तिला खायला-प्यायला बाहेरून आत यावं लागतं. ती फार वाढली तर पोटापर्यंत काही पोचत नाही. म्हणून पेशी एका मापापर्यंत वाढते आणि मग दोन होते. मग मी विचारलं, हत्तीची पेशी उंदराच्या पेशीपेक्षा मोठी असते का? सगळ्या वर्गाने हो म्हणून माना हलवल्या. जवळजवळ तेवढीच असते, मी म्हणालो. मोठ्या घराला मोठ्या विटा लागत नाहीत, जास्त विटा लागतात. ज्या पेशी खरोखरच वेगळ्या मापाच्या असतात, कोंबडीच्या अंड्यातला बलक म्हणा, अंगातले मज्जातंतू म्हणा, त्यांचं पुढच्या वर्षी बघू. ते नववीच्या अभ्यासक्रमात होतं.

हे पोरांना स्वतः मोजता यावं म्हणून शनिवारच्या पालकसभेत मी एक बेत केला. प्रत्येकाने आपल्या रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि आई किंवा वडील तयार असतील तर त्यांचाही. मायक्रोस्कोपमध्ये, डोळा लावतो त्या भिंगात, मी काचेची एक चकती बसवून घेतली होती. तिच्यावर फूटपट्टीसारख्या अगदी बारीक रेघा. पोराची पेशी आणि बापाची पेशी, दोन्ही तेवढ्याच रेघांत बसतात हे बघायचं.

सुई बघून पालक मागे सरायला लागले. चौघे पुरुष कसेबसे तयार झाले. बायकांमधून एकटी शिवकांताची आई उठली. नागरबाई. अंगाने किरकोळ, कपाळावर विभूती, आणि चेहरा असा की आत्ता काहीतरी गमतीचं सांगेल. त्या टेबलाकडे चालत आल्या आणि पोरं फिस्सकन हसली. त्यांच्या एकाच पायात चप्पल होती.

"आई, दुसरी कुठाय?" शिवकांताने विचारलं.

"पायातच की," असं म्हणून त्यांनी खाली बघितलं.

मग सभाच हसली, आणि सगळ्यांत जास्त त्या स्वतः हसल्या. शिवकांता धावत गेली आणि हापशापासून चप्पल घेऊन आली. हापसा शाळेपासून दोनशे पावलांवर होता. दोनशे पावलं त्या एका अनवाणी पायाने, खडीवरून, चालत आल्या होत्या. मीही हसलो. नंतर सुई उकळत्या पाण्यातून काढून त्यांच्या बोटाला टोचली.

सोमवारी शिवकांताने मोजलं. तिच्या स्वतःच्या तांबड्या पेशी तीन रेघांत बसत होत्या. आईच्या चार लागत होत्या. मी स्वतः डोळा लावला. चारच. काही तर गोल नव्हत्याच, लंबगोल आणि थोराड होत्या. बाकीच्या चार पालकांच्या काचा काढल्या. तीन, तीन, तीन, तीन.

मुलांनो, बारा वर्षांच्या मास्तरकीत पहिल्यांदाच एक मूल मला मोजून दाखवत होतं की मी चुकलो. मला इतका आनंद झाला की मी वर्ग थांबवून सगळ्यांना रांगेने ती काच दाखवली. शिवकांताने मात्र विचारलं, "सर, पेशी मोठी असणं चांगलं का वाईट?"

"चांगली-वाईट माणसं असतात," मी म्हणालो. "पेशी नुसती मोठी असते नाहीतर लहान असते. आधी मोजायचं, मग का ते शोधायचं."

हे वाक्य मला फार आवडलं. मी ते फळ्यावरही लिहिलं. लातूर एसटीने दीड-दोन तासांवर होतं आणि तिथे विचारायला डॉक्टर होते. मी लातूरहून जिल्हा विज्ञान प्रदर्शनाचा फॉर्म मागवला.

गणपती उठल्यावर मी फॉर्मवर सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो. गिरणीच्या मागेच घर होतं. भांड्यांवर, कोनाड्यात, देवाच्या फळीवर सगळीकडे पिठाची झाक. नागरबाईंनी मला आणि अप्पांना दुधाचा चहा दिला. त्यांच्या स्वतःच्या कपात आल्याचं नुसतं काळं पाणी होतं.

मी विचारलं तसे अप्पा हसायला लागले. काशीला गेलो होतो सर, म्हणाले, चार घरची माणसं. तिथं गेल्यावर एक जिन्नस सोडायचा असतो, जन्माचा. अप्पांनी कारलं सोडलं. त्यांना मुळात कारलं आवडत नव्हतं. त्यांच्या भावजयीने रामफळ सोडलं, कारण आमच्या भागात ते मिळत नाही.

"आणि ही बया," अप्पा म्हणाले, "हिनं दूध सोडलं. दूध, दही, ताक, तूप, समदं. लहानपणी म्हशीच्या कासंखाली वाटी धरून बसायची म्हणं."

"नावडतं सोडलं तर ते सोडणं कसलं?" नागरबाई म्हणाल्या. "देवाला काय कळंना व्हय, तुमचं कारलं?"

सगळे हसलो. किती वर्षं झाली, मी विचारलं. नऊ, त्या म्हणाल्या. कशासाठी सोडलं, हेही विचारलं. त्यावर त्या चुलीकडे वळल्या आणि अजून साखर पाहिजे का म्हणाल्या.

त्या उठताना भिंत धरून उठल्या. चालताना पायाखाली बघत चालत होत्या, जमिनीवर काही सांडल्यासारखं, आणि पाऊल जरा आपटून टाकत होत्या. अप्पा त्यावरही चेष्टा करत. ही तोंडाला साबण लावते आणि डोळे मिटले की पडते, म्हणाले, म्हणून मोरीत पोरगी हिला धरून उभी असते. पाय मुंग्या आल्यासारखे होतात, त्या म्हणाल्या, कामानं होत असंल. मी ऐकलं. मला ते घरातलं बोलणं म्हणून ऐकू आलं. मी प्रदर्शनातल्या तक्त्याचा रंग कोणता असावा याचा विचार करत होतो.

"सर, माझं रक्त मोठंय म्हणं," नागरबाई म्हणाल्या. जरा लाजल्या होत्या.

"पेशी मोठ्या आहेत, वहिनी. हजारात एखाद्याचं रक्त असं असतं."

त्यांनी कुंपणापलीकडे भांडी घासणाऱ्या शेजारणीला हाक मारून ते सांगितलं. शेजारीण म्हणाली, मग आता आमच्याशी बोलणार का नाही बाई तू. शिवकांता उंबऱ्यावर बसून फॉर्म भरत होती. 'प्रयोगाचे नाव' या ओळीपुढे तिने लिहिलं, 'पेशी मोठी का होते?' प्रश्नचिन्ह तिने जरा मोठंच काढलं होतं.

प्रदर्शन जानेवारीत, लातूरच्या एका शाळेत भरलं. अप्पा आणि नागरबाई दोघेही बरोबर आले. नागरबाई लग्नातलं लुगडं नेसल्या होत्या. चार महिन्यांत त्यांचं चालणं बिघडलं होतं. एसटीतून उतरताना अप्पांनी आणि मी दोन्हीकडून धरलं. त्या हसून म्हणाल्या, माझं रक्त बघायला मलाच उचलून नेताव की. शिवकांताचं टेबल कोपऱ्यात होतं. बटाट्याचे तुकडे, कांद्याचा पापुद्रा, तिचं रक्त, चार पालकांचं रक्त, आणि शेवटी मायक्रोस्कोपखाली आईचं. त्याच्यापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं कार्ड: 'नियमाला अपवाद'.

परीक्षक तिघे होते. दोघांनी कार्ड वाचलं, छान म्हणाले आणि पुढे गेले. तिसऱ्या परीक्षक डॉक्टर होत्या, सरकारी दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या डॉ. नसरीन काझी. पन्नाशीच्या, ठेंगण्या. त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. डाव्या हाताने काच हळूहळू सरकवत होत्या.

"हे रक्त कोणाचं, बेटा?"

"माझ्या आईचं." शिवकांता पाठ केलेलं बोलायला लागली, की इतर चार पालकांच्या पेशी तीन रेघांच्या आहेत, परंतु...

"आई कशी चालते तुझी?"

पाठ केलेल्यात हा प्रश्न नव्हता. शिवकांताने वळून बघितलं. आई दोन टेबलांपलीकडे भिंतीला हात लावून उभी होती, कोणाच्या तरी पवनचक्कीकडे बघत. डॉक्टरांनी काच उचलून उजेडात धरली. काचेच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर शिवकांताच्या अक्षरात लिहिलेलं होतं: आई, २७ जुलै.

"जुलै?" त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. सरळ नागरबाईंकडे गेल्या.

तिथेच, पवनचक्कीच्या टेबलाशेजारी, त्यांनी नागरबाईंना पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. मग म्हणाल्या, आता डोळे मिटा. नागरबाईंनी हसत डोळे मिटले आणि कापलेल्या झाडासारख्या एका बाजूला गेल्या. डॉक्टर तयारीनेच उभ्या होत्या, त्यांनी झेललं. पवनचक्की मात्र पडली.

संध्याकाळी आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. प्रदर्शनात तेव्हा बक्षिसांची नावं वाचली जात असतील. शिवकांताला दुसरं बक्षीस मिळालं हे आम्हाला तीन दिवसांनी कळलं. खाटेवर नागरबाईंना झोपवून डॉक्टर त्यांच्या पायाचा अंगठा बाजूंनी धरत होत्या, वर उचलत होत्या, खाली दाबत होत्या. डोळे मिटून सांगा, वर की खाली? नागरबाई उत्साहाने सांगत होत्या आणि निम्म्या वेळा चुकत होत्या.

खाण्याचं विचारलं. अंडी-मटण नाही, ते लिंगायताच्या घरात कधीच नाही. दूध?

"काशीला सोडलंय," अप्पा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "पोरीला चार वर्षांची असताना मेंदूज्वर झालता. डॉक्टरनं हात वर केले. हिनं तिथंच कबूल केलं, की पोरगी उठली तर काशीला जाईन आणि माझा सगळ्यात आवडीचा जिन्नस सोडीन. पोरगी उठली."

शिवकांताला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती बाकाच्या टोकाला बसली होती, वही मांडीवर घेऊन. तिने वही मिटली.

अप्पा मग माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. घडलेलं सांगावं तसं सांगत होते. "दसऱ्याला मी म्हणलो होतो सर, चल, लातूरला दाखवून येऊ. ही म्हणली, मला काय झालंय? सरांनी भिंगातनं बघितलंय की माझं रक्त. हजारात एखाद्याचं असतं म्हणले."

मी उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

डॉक्टर शिवकांताशेजारी येऊन बसल्या. फॉर्मवरचा प्रश्न तू विचारलायस ना, म्हणाल्या, पेशी मोठी का होते? मग नीट ऐक. पेशीला दोन व्हायचं असलं की आधी तिच्या पोटातल्या कागदाची नक्कल करावी लागते. भाऊ वेगळे होताना दोघांनाही सातबाऱ्याचा उतारा लागतो, तसं. नक्कल करायला एक जिन्नस लागतो. चिमटीहूनही कमी. पण तो दुधात असतो, दह्यात असतो, अंड्यात, मटणात असतो, भाजीभाकरीत नसतो. तो नसला की नक्कल अर्धवट राहते. पेशी वाट बघत वाढत राहते, पण वाटणी काही होत नाही. मग ती तशीच थोराड रक्तात येते. दिसायला मोठी, पण मोजायला गेलं तर कमी, आणि लवकर फुटणारी.

"मग पाय?" शिवकांताने विचारलं.

"पायाची पेशी वेगळी. माणसाच्या अंगातली सगळ्यांत लांब पेशी ती. घर कमरेच्या मणक्यापाशी आणि बोट अंगठ्यापर्यंत, दोन हात लांब, एकच पेशी. अंगठा कुठंय ते तीच सांगते. तिच्यावरचं वेष्टण त्याच जिनसावर टिकतं. आणि तार जितकी लांब तितकी आधी बिघडते, म्हणून आधी पाय."

मी नववीसाठी ठेवलेला धडा तो हाच.

"ती नवी येते का?"

डॉक्टर काझी मुलांशी खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "रक्तातली पेशी चार महिने जगते आणि मग नवी येते," त्या म्हणाल्या. "त्या जिनसाच्या सुया घेतल्या की तुझ्या आईच्या पेशी तुझ्याएवढ्या होतील, बघ तू. पण ही लांब पेशी जन्माला एकदाच येते. हिच्या जागी दुसरी येत नाही. वेळेत जिन्नस मिळाला तर ती सावरते."

आतून नागरबाईंनी हाक मारली. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की सुईत दूध नाही ना? नाही, असं डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. दूध मात्र पुन्हा सुरू करायला त्या तयार झाल्या नाहीत. देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं, म्हणाल्या, त्यानं पोरगी परत मागितली म्हणजे?

सुया आठवड्याला एक अशा गावातच, दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून सुरू झाल्या. अंगठ्याची परीक्षा कशी घ्यायची ते डॉक्टरांनी शिवकांताला शिकवलं होतं: बाजूंनी धरायचा, म्हणजे दाबावरून ओळखता येत नाही; दहा वेळा विचारायचं; लिहून ठेवायचं. दर रविवारी ती लिहीत होती.

पाडव्यानंतर दोन आठवड्यांनी ती आईच्या रक्ताची नवी काच घेऊन शाळेत आली. मी शेजारी उभा होतो. तिने डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाली, "तीन."

मीही बघितलं. सुंदर गोल, एकसारख्या, तीन रेघांच्या. कोणती काच आईची आणि कोणती मुलीची, पट्टी वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं. शिवकांता काच हातात घेऊन धावत घरी गेली. मी मागून गेलो. पोचलो तेव्हा नागरबाई दारात उभ्या होत्या, एका हातात काठी, दुसरा चौकटीवर, आणि काच उन्हात धरून बघत होत्या, जणू काही दिसणारच होतं.

"म्हणजे बरी झाले मी?" त्यांनी विचारलं. "मग आता गिरणीपर्यंत चालता येईल?"

शिवकांता माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, बघू वहिनी. नागरबाईंनी पाऊल उचललं, ते चुकीच्या जागी आपटलं. अप्पांनी धरलं नसतं तर त्या काचेसकट उंबऱ्यावर पडल्या असत्या.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो. नागरबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. उजव्या पोटरीला पट्टी होती. चुलीतला निखारा पडला होता आणि त्यांना तो वासावरून कळला. काशीची, कारल्याची चेष्टा आता घरात कोणी करत नव्हतं. शिवकांताने मला वही दाखवली. जानेवारीपासून प्रत्येक रविवारची ओळ, दहा खुणा. कधी पाच बरोबर, पाच फुल्या. कधी सहा-चार, कधी चार-सहा.

"निम्म्याच्या वर येतंय की कधी कधी," नागरबाई म्हणाल्या. "होय की नाही, सर?"

शिवकांता मला पाणी द्यायला म्हणून उठली आणि माठापाशी हळूच म्हणाली, "सर, काहीच न कळता नुसतं ठोकून दिलं, तरी दहात पाच बरोबर येतातच ना?"

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. तिचं तिनेच काढलं होतं. खोटं बोललो असतो तर तिने ते वहीत मांडून तपासलं असतं. मी मान हलवली.

ती परत जाऊन आईच्या पायाशी बसली. नागरबाईंनी स्वतःहून डोळे मिटले आणि शाळेतल्या मुलीसारखे हात मांडीवर ठेवले. शिवकांताने अंगठा बाजूंनी धरला, थोडा वर केला, थोडा खाली, आणि मग खाली दाबून तसाच धरला.

"वर की खाली?"

नागरबाईंनी खूप विचार केला. कपाळावरच्या विभूतीला आठ्या पडल्या.

"वर," त्या म्हणाल्या. आणि डोळे मिटलेलेच ठेवून, "बरोबर का गं, शिवू?"

बाहेर गिरणीचा पट्टा फटफटत होता. शिवकांताने माझ्याकडे बघितलं नाही. तिने अंगठा हळूच सोडला.

"बरोबर," ती म्हणाली, आणि आईने डोळे उघडायच्या आत वहीत फुली मारली.